साडेबारा मिलिसेकंदांचा झोल

भोसरी एमआयडीसीत एखाद्या प्रेस शॉपच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलं की तिथला ठेका अंगात शिरतो. पत्रा सरकतो, रॅम खाली येतो, धप्. पुन्हा पत्रा, पुन्हा धप्. फ्लायव्हीलला घाई नसते आणि कंटाळाही नसतो. सकाळी आठला दोन धपांमध्ये जितकं अंतर होतं तितकंच दुपारी चारलाही असतं. या आवाजावर इथल्या दोन-तीन पिढ्यांनी घरं बांधली, मुलांची लग्नं लावली; पण त्यावर कुणाचे पाय थिरकल्याचं ऐकिवात नाही. आणि प्रेसवरचा तोच कामगार विसर्जन मिरवणुकीत चिंचवडच्या चापेकर चौकात ताशाची तर्री सुरू झाली, की दुसऱ्या पाळीचा शीण विसरून खांदे उडवायला लागतो.

दोन्हीकडे ठोकेच आहेत आणि दोन्हीकडे ते ठरल्या वेळी पडतात. मग एक ठोका कान शिणवतो आणि दुसरा पाय उठवतो, हे कसं? गर्दी, गुलाल, देव, ढोलाचा घुमारा ही सगळी उत्तरं खरीच आहेत. पण त्यांच्या तळाशी आणखी एक उत्तर आहे, आणि ते चक्क मोजता येतं. गेली पंचेचाळीस वर्षं ते तालयंत्रांवर आणि संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बटणाच्या रूपात बसलेलं आहे. त्या बटणाला स्विंग म्हणतात.

आधी लूप म्हणजे काय ते पाहू. तालाचा काही सेकंदांचा तुकडा, शेवटाला पोचला की न थांबता पुन्हा पहिल्यापासून वाजणारा, तो लूप. लॅपटॉपवर गाणं रचणारा आज बहुतेकदा इथूनच सुरुवात करतो. एफएल स्टुडिओ घ्या, एबलटन लाइव्ह घ्या, क्यूबेस किंवा लॉजिक घ्या; पडद्यावर चौकटींची एक रांग दिसते. ज्या चौकटीवर क्लिक कराल तिथे ठोका पडतो. गणपतीच्या आधी थेरगाव-काळेवाडीच्या खोल्यांमधून जी मिक्सं तयार होतात, तीही याच चौकटींवर उभी असतात.

समजा मिनिटाला १०० ठोक्यांची लय ठेवली आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग पाडले. एक चौकट १५० मिलिसेकंदांची झाली; मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आता आठ चौकटींत केरवा भरा आणि कुणी बघत नसेल तर तोंडानं म्हणूनही पाहा: धा गे ना ती ना के धी ना. अगदी सारख्या अंतरानं, एकही बोल न लांबवता. झालं की नाही प्रेस शॉप? आता असं म्हणा: धाऽगे नाऽती नाऽके धीऽना. मान आपोआप डुलली असेल.

काय केलंत तुम्ही? लय वाढवली नाही, कमीही केली नाही. आवर्तनाची लांबी होती तेवढीच आहे. आठपैकी चार बोल जागच्या जागी राहिले. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या जागेवरचे बोल तेवढे किंचित उशिरा आले. वादक मंडळी याला झोल म्हणतात, कुणी वजन म्हणतं, कुणी नुसतंच ‘चाल’ म्हणून सोडून देतं. गुरू ते शिष्याच्या मांडीवर थाप मारून शिकवतो. यंत्राला मांडी नसल्यामुळे कुणाला तरी ते आकड्यांत सांगावं लागलं.

ते काम केलं रॉजर लिन नावाच्या अमेरिकन माणसानं. मूळचा गिटारवादक, इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेला. १९८० मध्ये त्यानं एलएम-१ हे तालयंत्र बाजारात आणलं. खऱ्या ड्रमच्या डिजिटल रेकॉर्डिंगवर चालणारं ते पहिलं तालयंत्र. किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास, त्यामुळे जेमतेम पाचशेच्या घरात यंत्रं बनली. पण ज्यांच्याकडे गेली ते मोठे लोक होते. या यंत्रात आणखी एक सोय होती. तुम्ही बोटांनी ठेका वाजवायचा आणि तो इकडे-तिकडे झाला तर यंत्र प्रत्येक ठोका उचलून जवळच्या चौकटीवर नेऊन ठेवायचं. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये याला क्वांटाइझ म्हणतात. कच्च्या हाताच्या माणसाला हे वरदानच. पण सगळं इतकं चौकटीत बसलं की ठेक्यातला जीवच जायचा. लिननं मग दुसरी सोय दिली: ठोके आधी चौकटीत बसवा आणि नंतर प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका मोजून मागे सरकवा. एवढंच. स्विंगचा सगळा शोध इतकाच आहे, आणि हिप-हॉपपासून हाऊसपर्यंत नाचाचं अर्धं संगीत त्यावर उभं आहे.

किती सरकवायचा, हे टक्क्यांत सांगितलं जातं. जोडीतल्या पहिल्या बोलाला जोडीच्या एकूण वेळाचा किती वाटा मिळाला, तो आकडा. ५० म्हणजे निम्मा-निम्मा, अगदी सरळ. त्यापुढे लिनच्या यंत्रावरचे आकडे विचित्र होते: ५४, ५८, ६२, ६६, ७०. हेच का? तर त्या यंत्राच्या पोटात एका ठोक्याचे ४८ बारीक तुकडे पडत. म्हणजे दोन चौकटींच्या जोडीला २४ तुकडे. सरळ वाजलं तर १२ आणि १२. एक तुकडा सरकवला की १३ आणि ११, म्हणजे ५४ टक्के. दोन सरकवले की १४ आणि १०, म्हणजे ५८. तीन सरकवले की १५ आणि ९, चार सरकवले की १६ आणि ८. यंत्राला अर्धा तुकडा सरकवता येत नव्हता, म्हणून मधले आकडे नाहीत. त्यात संगीताचा सिद्धांत वगैरे काही नाही, निव्वळ घड्याळाची मर्यादा. तरीही ५४ आणि ५८ या आकड्यांबद्दल आजही निर्माते असे बोलतात, जणू ते वेदातून आलेत.

आता हे आकडे बाजूला ठेवून आपल्याकडच्या तालशास्त्रातल्या पाच जाती आठवा: तिस्र, चतुस्र, खंड, मिश्र, संकीर्ण. अनुक्रमे तीन, चार, पाच, सात आणि नऊ. एका जोडीचे तीन भाग करा आणि पहिल्या बोलाला दोन द्या: ६६.७ टक्के. पाच भाग करा, पहिल्याला तीन: ६०. सात करा, पहिल्याला चार: ५७.१. नऊ करा, पहिल्याला पाच: ५५.६. आणि चारांतले तीन पहिल्याला दिले की ७५. लिननं पुढे जपानच्या अकाई कंपनीसाठी जे एमपीसी यंत्र केलं, त्यावर स्विंगची मर्यादा नेमकी ५० ते ७५ ठेवलेली आहे. म्हणजे चतुस्रातून निघालेली सुई संकीर्ण, मिश्र, खंड, तिस्र अशी एकेका जातीवरून जात पुन्हा चतुस्रावर येऊन थांबते!

हे नातं कुणी ठरवून जोडलेलं नाही. लिनला जाती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आणि आपल्याकडे जातींचा वापर होतो तो मात्रेचे समान भाग करण्यासाठी, असा तिरका झोल मोजण्यासाठी नव्हे. गणित एक असलं की दोन वाटा एका चौकात भेटतात, इतकंच. पण मला याचा व्यावहारिक फायदा दिसतो. तबला शिकलेल्या मुलाला ‘स्विंग ५७ कर’ म्हटलं तर तो बटण फिरवेल. ‘सातातले चार पहिल्याला दे’ म्हटलं तर तो आधी तोंडानं म्हणेल, हातावर मोजेल आणि मग बटणाला हात लावेल. दुसऱ्या वाटेनं केलेला लूप जास्त चांगला होईल यावर मी पैज लावायला तयार आहे.

मिनिटाला १०० च्या लयीत लिनच्या यंत्राचा एक तुकडा साडेबारा मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे ५० वरून ५४ वर जाताना बोल फक्त साडेबारा मिलिसेकंद उशिरा येतो. पापणी लवायला याच्या आठपटीहून जास्त वेळ लागतो. एवढ्याशा वेळात ‘उशीर झाला’ असं कुणाच्या मनातही येत नाही. पण दोन्ही लूप एकामागोमाग लावले, तर ज्याला सारेगमसुद्धा येत नाही तोही सांगतो की दुसरा बरा वाटतो. का, ते विचारू नका. त्यालाही सांगता येत नाही. कान हिशेब करतो आणि उत्तर परस्पर मानेला कळवतो.

साडेबारा मिलिसेकंदांत आवाज हवेतून सव्वाचार मीटर जातो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. हा आकडा डोक्यात ठेवून ढोल-ताशा पथकाकडे पाहिलं की अचंबा वाटायला लागतो. मोठं पथक रस्त्यावर सहज तीस मीटर पसरतं. शेवटच्या रांगेतला ढोल ताशाच्या अगदी बरोबरीनं वाजला, तरी पुढे उभ्या असलेल्या माणसाला तो जवळजवळ ९० मिलिसेकंद उशिरा ऐकू येणार. म्हणजे आपल्या केरव्यातल्या अर्ध्याहून जास्त बोलाचा उशीर. आणि शेवटच्या रांगेतला वादक नुसता कानावर विसंबला तर हिशेब दुप्पट होतो: ताशाचा आवाज त्याच्यापर्यंत ९० मिलिसेकंद उशिरा येणार, तो वाजवणार, आणि त्याचा ठोका पुढे पोचायला आणखी ९०. एक अख्खा बोल गेला. सगळे असं करू लागले तर पथकाचा चिखल होईल.

तो होत नाही, कारण पथक बरंचसं डोळ्यांनी वाजतं. पुढचा हात वर जातो, टिपरू उंचावतं, ते मागच्याला तत्क्षणी दिसतं. पथकाच्या भाषेत ‘हात’ म्हणजे ठरलेली ठेक्यांची रचना. ती सरावात इतकी घोटलेली असते की मागचा वादक ऐकण्याची वाट न पाहता वाजवतो. पालखीच्या दिंडीत हाच प्रश्न शांतपणे सोडवलेला आहे: टाळकऱ्यांच्या दोन रांगा आणि मृदंग त्यांच्या मध्ये. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा मुद्दाम पाहा. मृदंगापासून कुठलाच टाळ फार लांब नसतो.

कितीही घोटलं तरी शंभर टिपरं एका क्षणी पानावर पडत नाहीत. थोडा फैलाव राहतो, आणि म्हणूनच पथकाचा ठोका एका ढोलाच्या शंभरपट मोठा न वाटता रुंद वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये पथक उभं करू पाहणारे इथेच फसतात. एका ढोलाचं एक रेकॉर्डिंग वीस वेळा कॉपी करून एकावर एक ठेवलं तर आवाज वाढतो, पथक होत नाही. त्याला वीस वेगवेगळे ठोके लागतात आणि प्रत्येकाला आपापला छोटासा उशीर.

यावरून कुणी म्हणेल, मग सोपं आहे, सगळे ठोके थोडे थोडे इकडे-तिकडे उधळून द्या. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठीही बटण असतं, ‘ह्यूमनाइझ’ नावाचं. यंत्र नाणं उडवल्यासारखं प्रत्येक ठोक्याला थोडं पुढे किंवा मागे ढकलतं. माझ्या मते या सगळ्या सोयींमधली ही सर्वांत फसवी सोय. त्यातून माणूस तयार होत नाही, दारू प्यालेलं यंत्र तयार होतं.

याला पुरावा आहे. होल्गर हेनिग आणि त्याच्या जर्मनीतल्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये घानाच्या एका कसलेल्या वादकाचे ठोके मोजले. तो मेट्रोनोमबरोबर वाजवत होता आणि तरी प्रत्येक ठोका काही मिलिसेकंद पुढे-मागे पडत होता, हे अपेक्षितच होतं. विलक्षण गोष्ट पुढे आहे. या चुका सुट्या नव्हत्या. आत्ताच्या चुकीचा संबंध बऱ्याच आधीच्या चुकांशी होता. वादक हळूहळू पुढे सरकत होता, हळूहळू मागे येत होता, आणि या सरकण्याला एक आकार होता. नंतर लोकांना गाण्याच्या दोन आवृत्त्या ऐकवल्या, एकीत अशा आकाराच्या चुका आणि दुसरीत नाणेफेकीच्या. लोकांनी पहिली पसंत केली. हाताला आठवण असते. बटणाला ती नव्हती.

जाझमधल्या झोलाबद्दलही २०२२ मध्ये जर्मनीतूनच एक सुंदर शोध आला. मुख्य वादक मूळ ठोका साथीदारांपेक्षा साधारण ३० मिलिसेकंद उशिरा घेतो, पण मधला, हलका ठोका मात्र त्यांच्या बरोबर घेतो. वादकांना स्वतःला हे माहीत नव्हतं. म्हणजे झोल एकट्याच्या ठेक्यात असतो तसा दोघांच्या मधल्या फटीतही असतो. ढोल आणि ताशा यांच्यामधल्या फटीला हे जसंच्या तसं लागू पडेल का, ते कुणीतरी मोजून पाहायला हवं. माइक, लॅपटॉप आणि एक पथक एवढंच लागेल, आणि पथकांची तर आपल्याकडे वाण नाही.

मोटारींच्या गावात राहणाऱ्याला इथे डेट्रॉइटची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिंपरीत टेल्को येण्याच्या कितीतरी आधी मोटारींचं गाव म्हटलं की जगाला डेट्रॉइट आठवायचं. बेरी गॉर्डी तिथे फोर्डच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात असेंब्ली लाइनवर कामाला होता. एका टोकाला नुसता सांगाडा आत जातो आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी बाहेर पडते, हे त्यानं रोज पाहिलं आणि १९५९ मध्ये गाण्यांची तशीच लाइन टाकली. तीच मोटाउन. पुढे ऐंशीच्या दशकात त्याच शहराच्या परिसरातल्या हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तिघांनी टेक्नो घडवलं. त्यात ठेका जवळजवळ सरळ, यंत्रासारखा, प्रेसच्या धप्‌सारखा. म्हणजे सुरुवातीला मी जे म्हटलं की प्रेसवर कुणी नाचत नाही, ते पिंपरीपुरतं खरं, डेट्रॉइट नाचलं.

आणि मुंबईही नाचू शकली असती. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची नवी यंत्रं घेऊन दहा रागांची एक तबकडी केली, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’. खाली टीआर-८०८ या तालयंत्राचा सरळसोट ठेका आणि वर भैरव, ललत, भूपाली. त्या वेळी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. वीस-पंचवीस वर्षांनी युरोपातल्या लोकांच्या ती हाती लागली तेव्हा त्यांनी डोळे चोळले, कारण त्यांच्याकडचं अ‍ॅसिड हाऊस म्हणून ओळखलं जाणारं संगीत तिच्या काही वर्षांनंतरचं होतं. तिथे ठेका सरळ आहे म्हणूनच रागाची वळणं इतकी ठसठशीत दिसतात. सरळ ठेवणं हीसुद्धा निवड असते. फक्त ती ठरवून केलेली असावी.

त्याच डेट्रॉइटमध्ये १९७४ साली जेम्स यान्सी जन्मला. जगानं त्याला जे डिला म्हणून ओळखलं. त्याच्या हातात लिनचंच पुढचं यंत्र आलं, एमपीसी-३०००. त्यानं काय केलं, तर सगळ्या वाद्यांना एकच स्विंग देणं सोडून दिलं. एक वाद्य सरळ, दुसरं झोल खाणारं, टाळीचा ठोका जरा आधी, खालचा खर्ज जरा मागे. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं की हा पडणार, आणि तो पडत नाही. ढोलकीफडावर मुरलेल्या कानाला यात फार परकं वाटू नये. २००६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तो गेला. त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयात ठेवलेलं आहे. आणि त्या उशिरांवर डॅन चार्नास यांनी २०२२ मध्ये ‘डिला टाइम’ नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं.

आतापर्यंत बोललो ते चौकटीत भरलेल्या ठोक्यांबद्दल. ते सरकवणं सोपं, कारण तिथे यंत्राजवळ फक्त ‘या क्षणी हा आवाज वाजव’ असा हुकूम असतो. पण लूप रेकॉर्ड केलेला असेल तर? ढोलकीचे आठ ठोके एकाच पट्टीत, एकमेकांत मिसळलेले. एकाचा घुमारा विरतो न विरतो तोच दुसरा. यातला दुसराच कसा सरकवणार?

पहिलं उत्तर १९९४ मध्ये स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीनं दिलं. त्यांचा रीसायकल हा प्रोग्रॅम लूपमधल्या प्रत्येक आघाताच्या टोकावर सुरी चालवायचा. तुकडे सुटे झाले की ते चौकटीत मांडा, हवे तसे सरकवा. दुसरं उत्तर बर्लिनच्या एबलटननं २००१ पासून लोकप्रिय केलं: कापायचं नाही, ताणायचं. आघातांवर खुणा करायच्या आणि दोन खुणांमधला आवाज रबरासारखा लांबवायचा किंवा आखडायचा, तेही सूर न बदलता. हे ऐकायला जादू वाटतं, पण त्याची किंमत असते. ताशासारखा टणक, तुटक आवाज कापणंही सोपं आणि ताणणंही सोपं. ढोलाचा खर्ज हळू उमलतो, त्यामुळे आघात नेमका कुठे सुरू झाला यावर सॉफ्टवेअर गोंधळतं. आणि ढोलकीच्या धुमावर बोट घासून काढलेला घुमारा ताणला तर तो रडल्यासारखा होतो. ताणण्याऐवजी कापा, आणि तुकड्यांमध्ये पडलेल्या फटीत आधीच्या घुमाऱ्याचं शेपूट राहू द्या. कामाचा कंटाळा येईल, पण कान दुखणार नाहीत.

आणि आता यातली सर्वांत अद्भुत गोष्ट, जी एबलटननं २००९ च्या आवृत्तीत अगदी सहज हाताशी आणून ठेवली. एखाद्या रेकॉर्डिंगवर क्लिक करून ‘याचा ग्रूव्ह काढ’ म्हणता येतं. सॉफ्टवेअर आघात शोधतं आणि प्रत्येकाबद्दल दोनच गोष्टी टिपतं: चौकटीपासून तो किती पुढे-मागे होता आणि किती जोरात होता. आवाज टाकून देतं. ताशा गेला, रस्ता गेला, गर्दी गेली. उरली ती उशिरांची आणि जोरांची एक छोटी यादी. शिंपी जुन्या झब्ब्यावरून कागदावर बेतणी काढून ठेवतो तशी. मग ही बेतणी पियानोवर ठेवा, गिटारवर ठेवा, सिंथेसायझरच्या खर्जावर ठेवा. चिंचवडच्या रस्त्यावर वाजलेला हात पियानोतून चालायला लागतो, आणि ऐकणाऱ्याला ओळख पटत नाही पण ओळखीचं वाटतं. वादकाच्या हाताचा ढंग त्याच्या वाद्यापासून वेगळा काढता येतो, ही कल्पनाच पन्नास वर्षांपूर्वी कुणाला पटली नसती.

करून पाहायचं असेल तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. पथकाचं रेकॉर्डिंग लांबून केलेलं नको. फ्लॅटच्या गॅलरीतून घेतलेल्या व्हिडिओत तीस मीटरचा फैलाव आणि समोरच्या इमारतीचा प्रतिध्वनी मिसळलेला असतो. सॉफ्टवेअर त्यालाच झोल समजून बसेल. एका ताशाच्या दोन हात अंतरावर फोन धरा. तर्री नको, कारण तिच्यात आघातांची गर्दी इतकी असते की यादी निरुपयोगी होते. साधा, मोकळा हात वाजत असताना घ्या. ढोलासाठी वेगळी यादी काढा आणि ती फक्त खालच्या वाद्यांना लावा. डिलानं शिकवलं ते हेच, प्रत्येकाला आपापला उशीर.

लयही जपा. मंद लयीतला झोल उचलून जलद लयीवर ठेवला तर तो लंगडतो. फ्रीबर्ग आणि सुंडस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकांनी २००२ मध्ये जाझच्या ड्रमवादकांचं मोजमाप करून दाखवलं की लय मंद असताना जोडीतला पहिला बोल दुसऱ्याच्या तिप्पटीहून लांब असू शकतो आणि लय वाढत गेली की दोघे जवळजवळ समान होतात. मधल्या लयींपासून पुढे धाकट्या बोलाला साधारण १०० मिलिसेकंद तरी मिळतातच. त्याहून आखूड बोल कानाला नीट कळत नसावा. टक्के लयीबरोबर बदलले पाहिजेत, आणि हे सॉफ्टवेअर आपणहून करत नाही. मिरवणूक रेंगाळते तेव्हाचा हात आणि मिरवणूक पळते तेव्हाचा हात, दोन्ही वेगळे रेकॉर्ड करा.

शेवटी एक पट्टी उरते, ग्रूव्ह किती लावायचा ती. शून्यावर ठेवली की सगळं चौकटीत, प्रेस शॉपसारखं. शंभरावर नेली की ताशेवाल्यानं वाजवलं तसं, त्याच्या प्रत्येक उशिरासकट. पण एबलटनमध्ये ती पट्टी शंभरावर थांबत नाही, १३० पर्यंत जाते. त्या शेवटच्या तीस टक्क्यांत वादकाचाच झोल असतो, त्याच्याच दिशेनं, त्याच्याच आकाराचा. फक्त तो इतका उशिरा आजवर कधी आलेला नसतो.